नाथांचे घर : पैठणच्या एका गृहस्थाची आठवण

गोदाकाठ

नाथषष्ठी जवळ आली की श्री एकनाथ महाराजांविषयी जे लिहिले जाते, त्यात भागवताचे टीकाकार नाथ, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारे नाथ आणि भारुडांचे कर्ते नाथ येतात, आणि ते यायलाच हवेत. पण पैठणच्या वाड्यात बायको, मुले, आल्यागेल्याचा राबता, श्राद्धपक्ष, सणवार आणि देणेकरी या सगळ्यांसह जो एक गृहस्थ नांदला, त्याच्यासाठी स्वतंत्र धागा असावा, असे पुष्कळ दिवस मनात होते. आपल्या संतपरंपरेत ज्ञानदेवादी भावंडे संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडली, तुकोबांचा संसार दुष्काळाने मोडला, समर्थ बोहल्यावरून निघून गेले. नाथांइतका भरला संसार करून त्यातच परमार्थ साधल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

नाथांचा जन्म साधारण १५३३ सालचा. संत भानुदासांचे ते पणतू. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी लवकर गेल्यामुळे आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी त्यांना वाढवले. आईवडिलांचा संसार त्यांच्या वाट्याला पाहायलाही आला नाही. पुढे लहान वयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले, आणि येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, ती म्हणजे त्यांना भेटलेला गुरू किल्ल्याचा कारभार पाहणारा, नोकरी सांभाळून दत्तोपासना करणारा गृहस्थ होता. हिशेबात एका पैची चूक राहिली म्हणून नाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि ती सापडल्यावर त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. एकाग्रतेचा धडा म्हणून ती सांगितली जाते. मला मात्र त्यात एका कारभारी घराचे वळण दिसते, कारण तेथे पूजा आणि जमाखर्च एकाच माणसाच्या अंगावर होते आणि एकामुळे दुसरे हलके मानले जात नव्हते.

शूलिभंजनावरचे अनुष्ठान आणि तीर्थयात्रा झाल्यावर, पैठणला परतलेल्या नाथांना आजोबांनी जनार्दनस्वामींचे पत्र दाखवले. तेथेच राहावे आणि लग्न करावे, अशी आज्ञा त्यात होती. पत्र ज्या जागी वाचले त्या जागेवरून नाथ पुढे गेले नाहीत, तेथेच वास्तव्य केले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने लग्न करणे हीच गुरुसेवा होती. गिरिजाबाई घरात आल्या, दोन मुली आणि हरी नावाचा मुलगा झाला, उद्धव नावाचा विश्वासू माणूस घरचा सगळा कारभार पाहू लागला. पहाटे उठणे, गोदावरीचे स्नान, पूजा, पोथी, दुपारी अतिथींसह जेवण, तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री कीर्तन, असा दिवसाचा क्रम वर्षानुवर्षे चालला. या क्रमात मधोमध जे जेवण आहे, त्याविषयी मला विशेष बोलावेसे वाटते, कारण नाथांच्या बहुतेक गोष्टी फिरून फिरून पानावर येतात.

श्राद्धाचा स्वयंपाक चालू असताना वाड्यामागून एक कुटुंब जात होते. त्या काळी अस्पृश्य मानलेले ते कुटुंब. अन्नाचा वास आला, पोरांनी आईकडे हट्ट केला, आणि आईने असले अन्न आपल्या नशिबी नाही असे म्हणून त्यांना पुढे ओढले. हे नाथांच्या कानी पडले आणि त्यांनी त्या सर्वांना बोलावून पितरांसाठी शिजवलेले अन्न त्यांच्या पानावर वाढले. मग गावातील ब्राह्मणांसाठी दुसरा स्वयंपाक केला, पण निमंत्रित जेवायला आले नाहीत. पितर स्वतः येऊन जेवले, असा कथेचा शेवट आहे. तो ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्यातला पहिला भाग पुरेसा वाटतो. आपल्याला आठवणाऱ्या गोष्टी, वाचनातील संदर्भ आणि मतभेदही येथे अवश्य लिहावेत.

मूळचा_पैठणकर

धाग्याबद्दल मनापासून आभार. पैठणला दोन मंदिरे आहेत, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. गोदावरीकाठी समाधीमंदिर आहे, त्याला आम्ही बाहेरील नाथ म्हणतो; आणि नाथ जेथे राहत होते तो वाडा म्हणजे गावातील नाथ. गोदाकाठ यांनी ज्या घराविषयी लिहिले आहे ते हे दुसरे.

या वाड्यात एक रांजण आहे. श्रीकृष्ण श्रीखंड्या नावाने नाथांच्या घरी बारा वर्षे राबला आणि गोदावरीहून कावडीने पाणी आणून हाच रांजण भरत राहिला, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेला रांजणाची पूजा होते आणि तेव्हापासून लोक नदीचे पाणी आणून त्यात ओततात. रांगेत म्हाताऱ्या बायका असतात, लहान मुले असतात, कोणाच्या हातात घागर, कोणाच्या हातात नुसता तांब्या. मोठ्या माणसाच्या कमरेशी येणारे पोर टाचा उंचावून तांब्या रिता करते आणि आत वाकून पाणी किती वर आले ते पाहते. रांजण भरून वाहू लागला की देव येऊन पाणी भरून गेला असे मानतात आणि एकच गजर होतो. षष्ठीपासून अष्टमीच्या काल्यापर्यंत गावात पाय ठेवायला जागा नसते.

मला नेहमी असे वाटते की देवाने नाथांच्या घरी येऊन काय केले, तर पाणी भरले आणि सहाणेवर गंध उगाळले. देवाने राजवाडा बांधून दिला किंवा धनाचे हंडे दिले, असे लोकांनी सांगितले नाही. ज्या घरात रोज पंगती उठतात त्या घराला सर्वांत जास्त गरज पाण्याची असते, हे सांगणाऱ्या लोकांना ठाऊक होते.

जात्यावरची

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. या सर्व कथा वाचताना माझे लक्ष गिरिजाबाईंकडे जाते. श्राद्धाचे अन्न वाटून टाकण्याचा निर्णय नाथांचा असेल, पण सगळा स्वयंपाक पुन्हा पहिल्यापासून करायचा म्हणजे चूल पुन्हा सारवायची, पुन्हा स्नान करायचे, पुन्हा पुरण शिजवायचे आणि वाटायचे. ज्यांनी घरी श्राद्धाचा स्वयंपाक केला आहे त्यांना या एका वाक्यातले श्रम कळतील. कथांमध्ये त्यांनी तोंड वाकडे केल्याचे कोठेही येत नाही, उलट त्या नवऱ्याच्या एक पाऊल पुढेच असतात.

नाथांना राग आणून दाखवला तर पैसे मिळतील, या आमिषाने एक गृहस्थ वाड्यावर आला, ती गोष्ट आठवा. नाथ पूजेला बसले असताना तो त्यांच्या मांडीवर जाऊन बसला, तरी नाथ प्रसन्नच. मग जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तेव्हा त्याने त्यांच्या पाठीवर उडी घेतली. नाथ म्हणाले, सांभाळा, ते पडतील. आणि गिरिजाबाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची मला सवय आहे, मी यांना पडू कशी देईन? नाथांची शांती सगळ्यांच्या तोंडी आहे. पण नाथांची शांती ही उपासनेने आलेली होती, आणि या माउलीची शांती मूल पाठीशी घेऊन वाढण्याच्या सवयीतून आलेली होती. मला दुसरी अधिक अवघड वाटते.

आणि गावबा. पुरणपोळीचा हट्ट करणारा तो मुलगा. रोज पुरणपोळी हवी म्हणून ऐकेना, तेव्हा अशी रोजची पोळी नाथांच्याच घरी मिळेल म्हणून त्याला तेथे आणून सोडले. गिरिजाबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. लोक त्याला मंदबुद्धी समजत. कोणताही मंत्र तो घेईना, एकनाथ हे एकच नाव घेई. नाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत येऊन थांबले, आणि पुढचा ग्रंथ या गावबाने पूर्ण केला. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ ज्याच्या हातून तडीस गेला तो मुलगा त्या घरात विद्येसाठी आलेला नव्हता, पोळीसाठी आलेला होता.

ओवीवेडा

जात्यावरची यांचा प्रतिसाद फार आवडला. मी ग्रंथांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण नाथांचे घर आणि नाथांची पोथी वेगवेगळी काढता येत नाहीत.

नाथांनी टीकेसाठी भागवताचा अकरावा स्कंध घेतला. त्याचे ३१ अध्याय आहेत. टीकेचा आरंभ पैठणला झाला आणि समाप्ती १५७३ साली काशीला. या स्कंधात गृहस्थासाठी दोन इशारे आहेत. सातव्या अध्यायात कपोताची कथा येते. कबुतरांचे एक जोडपे पिलांवर इतके जीव लावून बसते की पिले जाळ्यात सापडल्यावर आधी मादी आणि तिच्यामागून नरही आपण होऊन जाळ्यात शिरतो. तेविसाव्या अध्यायात अवंतीचा कदर्यू ब्राह्मण येतो, जो अतिथीला पाणी देत नाही, देवाला वाहत नाही, बायकोपोरांनाही पोटभर घालत नाही आणि शेवटी सर्व धन गमावून बसतो. एक जण घरात इतका बुडाला की त्याला बाहेरचे काही दिसले नाही आणि दुसरा घरातल्यांनाही परका राहिला. नाथांनी कदर्यूच्या कंजूषपणाचे वर्णन मूळ श्लोकांपेक्षा कितीतरी विस्ताराने केले आहे, आणि ते वाचताना वाटते की गावात असे सावकार त्यांनी समोर पाहिलेले असावेत.

या दोहोंच्या मध्ये सतराव्या अध्यायात गृहस्थधर्म सांगितला आहे. मूळ श्लोकात असे आहे की शहाण्याने आपल्या घरात अतिथीसारखे राहावे. अतिथी घरात जेवतो, झोपतो, सर्वांशी गोड बोलतो, पण घरावर हक्क सांगत नाही आणि निघण्याची वेळ आली की कुरकुरत नाही. ज्या गृहस्थाने आयुष्यभर अतिथींना पान वाढले, त्याने या श्लोकावर लिहिताना कोणाकडे पाहून लिहिले असेल, ते वेगळे सांगायला नको.

रुक्मिणीस्वयंवर हे तर उघड उघड संसारी माणसाचे काव्य आहे. १५७१ सालचे. त्यात द्वारकेच्या कृष्णाचे लग्न आहे, पण विधी, मानपान आणि रुसवेफुगवे आपल्या मराठी लग्नघरातले आहेत. लग्न जमावे म्हणून घरोघरी मुली आजही त्याचे पारायण करतात. भारुडांतही सासू, नणंद, दीर, जाऊ सगळे येतात. घरात बसून ज्याने घर नीट पाहिले आहे, त्यालाच हे साधते.

नीरा_खोरे

सर्व प्रतिसाद आदराने वाचले. दोन शंका मांडतो, त्या नाथांविषयी अनादर म्हणून घेऊ नयेत.

पहिली शंका अशी की या कथांचा मोठा आधार संतचरित्रे लिहिणाऱ्या महिपतींचा आहे. नाथांची समाधी १५९९ सालची धरली जाते आणि भक्तविजय १७६२ साली पूर्ण झाला. दीडशेहून अधिक वर्षांत लोकांनी किती भर घातली असेल, याचा विचार करायला हवा. दुसरी शंका अधिक महत्त्वाची वाटते. एका कुटुंबाला एक दिवस जेवू घातले, वाळवंटात पोळणाऱ्या एका मुलाला कडेवर घेऊन त्याच्या घरी पोहोचवले, रान्या महाराच्या घरी जाऊन जेवले, हे सर्व थोरच आहे, पण त्याने पैठणची व्यवस्था बदलली नाही. वाळीत टाकणारे वाळीतच टाकत राहिले.

गोदाकाठ

नीरा_खोरे, आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांना टाळून नाथांची आठवण पुरी होणार नाही.

महिपतींविषयी मी एवढेच म्हणेन की चमत्कार लोकांनी जोडले असतील, पण लोक कोणाला काय जोडतात यालाही अर्थ असतो. दीडशे वर्षे ज्या माणसाविषयी सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कोणाला तरी जेवू घालण्याची, पाणी पाजण्याची किंवा क्षमा करण्याची आहे, त्या माणसाचा स्वभाव काय असावा याविषयी मला फारशी शंका उरत नाही. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराऐवजी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही गोष्ट घडली असे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. पण ती ज्ञानदेवांविषयी किंवा समर्थांविषयी न सांगता नाथांविषयी सांगितली गेली.

व्यवस्था बदलली नाही, हेही खरे. नाथांनी धर्मशास्त्राविरुद्ध ग्रंथ लिहिला नाही, वर्णाश्रमाची चौकट मोडा असे सांगितले नाही. ते स्वतः स्नानसंध्या करणारे कर्मनिष्ठ ब्राह्मण होते. त्यांनी आपल्या अधिकारात जे होते ते केले, म्हणजे आपल्या घराचे दार, आपली चूल आणि आपले पान. याला कोणी अपुरे म्हणावे, त्याला माझी हरकत नाही. मात्र या कृत्याची किंमत ज्याला मोजावी लागली तो गृहस्थ होता, हे विसरू नये. संन्याशाला वाळीत टाकून त्याचे काही जात नाही. ज्याच्या घरात लग्नाच्या मुली आहेत, मुंजीचा मुलगा आहे, ज्याला उद्या श्राद्धाला ब्राह्मण हवे आहेत, त्याला गाव वाळीत टाकते तेव्हा ते दाराशी येऊन लागते.

आणि ते त्यांच्या घराला लागलेही. ज्या घटनेसाठी मी मुळात हा धागा काढला, तिच्याकडे आता येतो. नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा शास्त्री झाला, आणि वडिलांचे वागणे त्याला पटेना. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही हातचे खातात, हे त्याला विद्वानाला न शोभणारे वाटे. शेवटी तो बायकामुलांसह घर सोडून काशीला जाऊन राहिला. जगाला क्षमा करणाऱ्या, अंगावर थुंकणाऱ्या माणसावरही न रागावणाऱ्या नाथांच्या स्वतःच्या घरात अशी फूट पडली होती, ही गोष्ट महिपतींनी लपवली नाही.

नाथ मुलाला आणायला काशीला गेले. मुलाने अटी घातल्या. प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. ज्या माणसाने संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांपासून झाली, असा सवाल जाहीरपणे केला होता, त्याने या अटी मान्य केल्या. मुलगा घरी आला आणि वाड्यावर संस्कृतात प्रवचने सुरू झाली. ऐकायला येणारे लोक हळूहळू येईनासे झाले.

या ठिकाणी मी नेहमी थांबतो. नाथांनी तत्त्व सोडले काय? माझे मत असे की त्यांनी ते मुलाच्या ओंजळीत ठेवले आणि त्याला स्वतःला कळेपर्यंत वाट पाहिली. वडिलकीचा अधिकार त्यांच्याकडे होता, गावातील भाविक त्यांच्या बाजूला होते, वादात हरवण्याइतकी विद्या तर होतीच. त्यातले काहीही त्यांनी वापरले नाही.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. एका म्हातारीने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता, आणि दारिद्र्य आल्यामुळे तो पुरा होईना. नाथांना जेवू घातले तर हजार ब्राह्मण जेवल्याचे पुण्य लागेल, असे तिला कोणी सांगितले. तिने येऊन विनवले. नाथांनी मुलाची परवानगी विचारली. हरिपंडिताने स्वतः स्वयंपाक करण्याच्या अटीवर होकार दिला, आणि जेवण झाल्यावर वडिलांची उष्टी पत्रावळ उचलायला तो वाकला. पत्रावळ उचलली तर खाली दुसरी. ती उचलली तर तिसरी. मोजता मोजता हजार झाल्या. चमत्कार बाजूला ठेवला तरी चित्र राहते ते असे, की मोठा शास्त्री असलेला मुलगा वडिलांचे उष्टे काढायला वाकला आहे आणि वाकलेलाच राहिला आहे. त्यानंतर त्याने अटी मागे घेतल्या आणि प्राकृत पुराण पुन्हा सुरू करण्याची विनंती केली.

जात्यावरची

गोदाकाठ, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. एकच जोडते. मुलगा रुसून काशीला गेला तेव्हा नातवंडेही गेली असणार. गिरिजाबाईंचे त्या काळातले दिवस कोणी लिहून ठेवलेले नाहीत. वाड्यात रोज परक्यांच्या पंगती आणि घरचीच पाने कमी. तरी रोजचे जेवण चुकले, असे कोठे वाचनात नाही.

नीरा_खोरे

माझ्या दुसऱ्या शंकेचे उत्तर पूर्णपणे मिळाले असे मी म्हणणार नाही, कारण व्यवस्थेचा प्रश्न एका घराच्या औदार्याने सुटत नाही, हे मत कायम आहे. पण गृहस्थाला वाळीत टाकणे म्हणजे काय, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तसेच औदार्यापायी नाथांवर कर्ज झाले होते आणि ते देवाने फेडले, अशीही कथा आहे. ती पूर्वी मी केवळ चमत्कार म्हणून सोडून दिली होती. आता तिच्यातला साधा भाग दिसतो, तो असा की उत्सवाच्या अन्नदानासाठी या घराला सावकाराच्या दारी जावे लागत होते. दान शिलकीतून होत नव्हते.

ओवीवेडा

या घराचा वारसा पुढेही चालला, म्हणून नोंदवतो. महाभारताची पर्वे मराठीत आणणारे कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव. मुलाच्या बाजूला संस्कृतचा अभिमान आणि मुलीच्या बाजूला मराठीतला एवढा समर्थ कवी, असे हे कुटुंब होते. प्राकृतासाठी नाथांनी घरातच जे सोसले, ते नातवाच्या लेखणीतून भरून निघाले.

मूळचा_पैठणकर

हरिपंडितांविषयी शेवटची एक गोष्ट राहिली आहे आणि ती आमच्याकडे आवर्जून सांगतात. नाथांनी फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला. गुरू जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, गुरुशिष्यांची भेट, गुरूंची समाधी आणि नाथांची समाधी, या पाचही गोष्टींची तिथी एकच मानतात, म्हणून तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात. वडील गेल्यानंतर त्यांच्या पादुका दरवर्षी आषाढीला पंढरपूरला नेण्याची प्रथा हरिपंडितांनी सुरू केली. एके काळी वडिलांचे प्राकृत कीर्तन नको म्हणून जो काशीला निघून गेला होता, तो त्यांच्या पादुका घेऊन मराठी अभंग म्हणणाऱ्या दिंडीबरोबर पंढरीची वाट चालू लागला. ती पालखी आजही पैठणहून निघते. यंदा षष्ठीला कोणी येणार असेल तर गावातील नाथमंदिरात बीजेच्या आसपास यावे, तेव्हा गर्दी थोडी कमी असते आणि रांजणात पाणी घालायला निवांत मिळते.